उत्तर लिहायचे की उतरवायचे?



आपल्या इंदूरकडे उत्तरपत्रिकेला सरसकट ‘कॉपी’ म्हणतात. ‘मॅडम, कॉप्या तपासून झाल्या का?’ असे मुले विचारतात, तेव्हा पुण्या-नाशिकहून नुकतेच इकडे आलेले पालक दचकतात. तिकडे कॉपी म्हणजे परीक्षेतली चोरी. आम्ही हसून खुलासा करतो आणि विषय संपतो. पण यंदा अर्धवार्षिक परीक्षेनंतर बारावीच्या इतिहासाचा गठ्ठा माझ्यासमोर आला आणि तो खुलासा करण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे का, अशी शंका मला आली.

प्रश्न आठ गुणांचा होता : ‘हड़प्पाई नगर-नियोजन का विश्लेषण कीजिए।’ गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरांची सुरुवात एकाच वाक्याने झाली होती आणि शेवटही एकाच वाक्याने. मधले मुद्देही त्याच क्रमाने होते. काटकोनात छेदणारे रस्ते, बंदिस्त गटारे, भाजक्या विटा, महास्नानगृह, धान्यकोठार. कुणी कुणाचे पाहून लिहिले नव्हते. सर्वांनी एकच टिपण पाठ केले होते आणि ते टिपण माझे होते. मी इतिहास शिकवत असताना ते तयार केले होते. तेव्हापासून त्याच्या झेरॉक्स प्रती दर वर्षी वर्गात वाटल्या जातात.

एकाच मुलीचे उत्तर वेगळे होते. धान्यकोठाराशी येऊन ती थांबली होती. त्या इमारतीत धान्य सापडलेलेच नाही, तर तिला धान्यकोठार का म्हणायचे, असा प्रश्न तिने उत्तरपत्रिकेत विचारला होता आणि त्यावर अर्धे पान लिहिले होते. त्यात वेळ गेल्यामुळे शेवटचे दोन मुद्दे राहून गेले. टिपण जसेच्या तसे उतरवणाऱ्यांना सहा गुण मिळाले, तिला तीन. शिक्षिकेचा यात दोष नाही. त्यांनी आदर्श उत्तर समोर ठेवून गुण दिले, आणि ते आदर्श उत्तरही माझेच होते.

आता थोडे माझ्याबद्दल. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. घरात मराठी आणि कॉलेजात हिंदी. (तेव्हा या लेखातल्या मराठीची चूकभूल द्यावी घ्यावी.) बी.ए.ला असताना मी याच प्रश्नाचे उत्तर कुंजीतून पाठ करून लिहिले होते आणि चांगले गुण मिळवले होते. पुढे शिक्षिका झाले, तेव्हा त्याच कुंजीचे सार माझ्या टिपणात आले. म्हणजे आमच्या मुलांनी जे पाठ केले ते मीसुद्धा लिहिलेले नव्हते, उतरवलेले होते. एका कुंजीतले उत्तर दोन पिढ्या चालले आणि त्यात प्रश्न विचारणारी पहिली मुलगी तीन गुणांवर थांबली. हे मला फार लागले. म्हणून यंदाचे हे मनोगत.

प्रश्नातले क्रियापद वाचा

प्रश्नपत्रिकेत शेवटी येणारा शब्द हा परीक्षकाचा हुकूम असतो. ‘वर्णन’ म्हणजे काय होते ते सांगा. ‘विश्लेषण’ म्हणजे गोष्टीचे भाग सुटे करा आणि त्यांचा एकमेकांशी संबंध दाखवा. ‘समीक्षा’ किंवा ‘मूल्यांकन’ म्हणजे पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे कच्चा, हे तोलून आपले मत द्या. आपल्या मराठी घरातल्या मुलांची इथे आणखी एक फसगत होते. हिंदीत ‘व्याख्या कीजिए’ म्हणजे उलगडून सांगा. मराठीत व्याख्या म्हणजे एका ओळीतली परिभाषा. दर वर्षी दोन-तीन मुले पाच गुणांच्या प्रश्नाला एक ओळ लिहून मोकळी होतात.

नगररचनेचा प्रश्न विश्लेषणासाठी सर्वांत चांगला, असे माझे मत आहे. हडप्पा संस्कृतीची लिपी अजून वाचता आलेली नाही. राजांची नावे, लढायांच्या तारखा, काहीच नाही. आहेत त्या विटा, भिंती, विहिरी आणि गटारे. त्यांच्याकडून माहिती काढून घ्यायची तर डोके चालवावेच लागते. प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारावेत : काय सापडले? त्यावरून काय म्हणता येते? आणि काय म्हणता येत नाही? आमची मुले पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहितात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात.

वीट काय सांगते?

हडप्पाच्या उत्खननाला १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी सुरुवात केली. पुढच्याच वर्षी राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडोला काम सुरू केले. १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या नव्या संस्कृतीची घोषणा जगापुढे केली. इतके आमची मुले घडाघडा सांगतात. विटांचे प्रमाणही पाठ असते : लांबी, रुंदी, जाडी यांचे प्रमाण ४ : २ : १. घरांसाठी वापरलेली भाजकी वीट साधारण २८ × १४ × ७ सेंटीमीटरची.

पण पुढे काय? दोन विटा शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी एका विटेच्या लांबीइतकी होते. त्यामुळे आडव्या-उभ्या विटांची सांधेजोड करून भिंत मजबूत बांधता येते. हा गवंड्याचा हिशेब झाला. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या गावांमध्ये हेच प्रमाण आढळते, म्हणजे बांधकामाचे ज्ञान आणि मापाची शिस्त एका गावापुरती नव्हती. हा दुसऱ्या प्रश्नाचा निष्कर्ष. मग एकाच राजाने हुकूम काढला होता का? तसे विटेवरून सिद्ध होत नाही. खात्रीने राजवाडा म्हणावा अशी इमारत किंवा राजाची म्हणता येईल अशी समाधी सापडलेली नाही. कुणी अभ्यासक एकच राज्य मानतात, कुणी वेगवेगळ्या नगरांचे वेगवेगळे सत्ताधारी मानतात, तर कुणाच्या मते राज्यकर्ते नव्हतेच. हे एका वाक्यात लिहिणारा विद्यार्थी तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचला.

मोहेंजोदडोत इमारती मोठमोठ्या चबुतऱ्यांवर उभ्या आहेत. एका मजुराने दिवसाला साधारण एक घनमीटर माती हलवली असे धरून अभ्यासकांनी हिशेब केला आहे. नुसत्या या पायासाठी चाळीस लाख मनुष्यदिवस लागले असतील. मुले ‘चाळीस लाख’ पाठ करतात. मी त्यांना भागाकार करायला सांगते. हजार मजूर रोज राबले तरी चार हजार दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे. मग आपोआप प्रश्न पडतात. या मजुरांना जेवू कोण घालत होते? काम कुठून सुरू करायचे हे कोण ठरवत होते? आकडा पाठ करण्यापेक्षा त्याचा भागाकार जास्त शिकवतो.

गटाराच्या कडेची वाळू

रस्ते आणि गटारे यांचा विचार एकत्र करावा. घरातले सांडपाणी रस्त्याच्या गटारात सोडायचे असेल, तर प्रत्येक घराची निदान एक भिंत रस्त्याला लागून हवी. म्हणजे घरे बांधून झाल्यावर मोकळ्या जागेतून गटार काढलेले दिसत नाही. रस्ते आणि गटारे आधी आखली, घरे नंतर त्यांच्या कडेने बांधली, असे दिसते. ‘नियोजन’ हा शब्द इथे सिद्ध होतो. नुसते ‘नगर नियोजित होते’ म्हटल्याने होत नाही.

याहून मला आवडतो तो अर्नेस्ट मॅके यांनी टिपलेला बारकावा. गटारांच्या कडेला ठिकठिकाणी छोटे ढीग सापडले आणि त्यात मुख्यतः वाळू होती. एवढीशी गोष्ट, पण ती काय काय सांगते पाहा. गटारे साफ केली जात होती. त्यासाठी वरचे झाकण काढता येत होते. आणि काढलेला गाळ दर वेळी उचलून नेला जातच होता असे नाही. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या शहरातल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. गटार बांधणे एकदाच होते, पण ते साफ ठेवायला रोज माणसे आणि व्यवस्था लागते. मोहेंजोदडोत ती होती, आणि कधीकधी ती कमीही पडत होती. कौतुक आणि उणीव, दोन्ही एका ढिगाऱ्यात.

स्नानगृह आणि ते ‘कोठार’

महास्नानगृहाचे टाके सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आत-बाहेर खोल आहे. विटा जिप्समच्या चुन्यात घट्ट बसवलेल्या, पाणी झिरपू नये म्हणून डांबरासारख्या द्रव्याचा थर, उतरायला दोन बाजूंनी पायऱ्या. आता विचार करा. याच नगरात सुमारे ७०० विहिरी असाव्यात असा अंदाज आहे आणि कितीतरी घरांत स्वतःची न्हाणीघरे होती. ज्या गावात घरोघरी आंघोळीची सोय आहे, त्याने बालेकिल्ल्यावर एवढा खर्च नुसत्या आंघोळीसाठी केला नसावा. म्हणून अभ्यासक धार्मिक किंवा सामूहिक विधीचा तर्क करतात. तर्क चांगला आहे, पण तर्कच आहे. ‘असावे’ आणि ‘होते’ यांतला फरक उत्तरात दिसला पाहिजे.

आणि आता आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न. स्नानगृहाच्या पश्चिमेला विटांचे २७ भरीव चौथरे आहेत आणि त्यांच्यामध्ये अरुंद बोळ आहेत. वरचा भाग बहुधा लाकडाचा होता, तो नष्ट झाला. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५० मध्ये येथे उत्खनन केले आणि हे धान्यकोठार आहे, बोळ हवा खेळण्यासाठी आहेत, असे मांडले. पुढे अनेकांनी त्यावर शंका घेतली, कारण धान्याचा तसा पुरावा तेथे मिळाला नाही. माझ्या टिपणात मात्र साखळी अशी होती : कोठार होते, म्हणून धान्य गोळा होत होते, धान्य गोळा होत होते, म्हणून कर होता, कर होता, म्हणून बलाढ्य सत्ता होती. पहिली कडी कच्ची निघाली तर पुढच्या तिन्ही लोंबकळतात. सतरा वर्षांच्या मुलीला ते दिसले. मला इतकी वर्षे दिसले नव्हते.

सगळी नगरे एका साच्यातली नाहीत

‘सर्व हडप्पा नगरे एकसारखी होती’ हे वाक्य तर प्रत्येक उत्तरात होते. कच्छच्या रणातल्या खदीर बेटावरचे धोलावीरा पाहा. २०२१ मध्ये ते जागतिक वारसा स्थळ झाले. तेथे नगराचे दोन नव्हे तर तीन भाग आहेत, दगडाचा वापर मोठा आहे, आणि मनहर व मानसर या पावसाळी ओढ्यांचे पाणी अडवून भरायचे प्रचंड हौद आहेत. सिंधूकाठच्या मोहेंजोदडोने विहिरी खणल्या, कोरड्या धोलावीराने पावसाचा थेंब साठवला. गरज एकच, जागा वेगळी, म्हणून उत्तर वेगळे. लोथलला बालेकिल्ल्याभोवती वेगळी तटबंदी नव्हती; तो भाग फक्त उंचावर बांधला होता. तेथला दोनशे मीटरांहून लांब विटांचा हौद एस. आर. राव यांच्या मते गोदी होता, तर काहींच्या मते पाणी साठवायचा तलाव. अशी तुलना दोन-तीन वाक्यांत आली की उत्तराला वजन येते.

पुरावा कुठून आला आणि कुठे हरवला, हेही सांगावे. लाहोर-मुलतान रेल्वेमार्ग घालताना एकोणिसाव्या शतकात हडप्पाच्या विटा गाड्या भरभरून नेल्या गेल्या. म्हणून हडप्पात बऱ्याच इमारतींचा मागच उरला नाही आणि आपण ‘हडप्पा नगररचना’ म्हणून लिहितो ते पुष्कळसे मोहेंजोदडोचे असते. हे ज्याला ठाऊक आहे, तो ‘सर्व’ हा शब्द जपून वापरेल.

उत्तर कसे दिसावे?

पाठांतराचे उत्तर असे असते : ‘हडप्पा संस्कृतीची सांडपाणी व्यवस्था उत्कृष्ट होती. गटारे बंदिस्त होती. घरातील पाणी गटारात जात असे. यावरून ते लोक स्वच्छताप्रिय होते हे दिसते.’ चार वाक्ये, चारही खरी, आणि चौथे तिसऱ्यातून निघतच नाही.

विचारांचे उत्तर असे असू शकेल : ‘मोहेंजोदडोत घरांचे सांडपाणी रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारात जात असे. यासाठी प्रत्येक घर रस्त्याला लागून असणे आवश्यक होते, म्हणून रस्ते व गटारे घरांच्या आधी आखली असावीत. गटारांजवळ सापडलेले वाळूचे ढीग दाखवतात की सफाई होत होती, पण गाळ नेहमी उचलला जात नव्हता. यावरून नगराची देखभाल करणारी काही व्यवस्था होती असे म्हणता येते. ती राजाची, व्यापाऱ्यांची की मोहल्ल्यांची, हे पुराव्यावरून ठरत नाही.’ पाचच वाक्ये आहेत. पहिल्याहून थोडे मोठे, पण यातले एकही वाक्य काढले तर पुढचे पडते.

‘पण टक्के?’

हे मी पालक-शिक्षक सभेत बोलले, तेव्हा एका वडिलांनी स्पष्ट विचारले, ‘मॅडम, बोर्डाच्या वर्षीच हा प्रयोग कशाला?’ विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही निकालाची काळजी व्यक्त झाली. दोन्ही शंका रास्त आहेत. आपल्या शाळेत येणारी मुले नोकरदारांच्या, छोट्या दुकानदारांच्या घरातली आहेत. कॉलेजच्या प्रवेशात दोन टक्क्यांनी काय होते, हे मी जाणते. पहिल्या वर्षी काही मुलांचे गुण कमी होतील, हेही मान्य करते.

तरीही माझे मत बदललेले नाही. टिपण पाठ केलेल्या मुलाला प्रश्न थोडा फिरवून विचारला की तो कोसळतो. ‘धोलावीरा आणि मोहेंजोदडो यांच्या जलव्यवस्थेची तुलना करा’ असा प्रश्न आला तर आमचा गठ्ठा काय लिहिणार? त्याच ओळी, त्याच क्रमाने. आणि बोर्ड आयुष्यात एकदा येते. पुढे बँकेत, कचेरीत, न्यायालयात, दवाखान्यात हेच तीन प्रश्न रोज विचारावे लागतात. ज्या मुलीने विचारले की धान्य नाही तर कोठार कशाचे, तिला उद्या कुणी खोटा हिशेब गळ्यात मारू शकणार नाही. हे शिक्षण जर आपल्या शाळेत तीन गुणांचे ठरत असेल, तर चूक शाळेची आहे.

वेळेचा प्रश्नही खरा आहे. त्या मुलीचे दोन मुद्दे राहिले, हे विसरता येणार नाही. आठ गुणांच्या उत्तराला तीनशे-साडेतीनशे शब्द पुरतात. सात मुद्द्यांची यादी देण्यापेक्षा चार मुद्दे तीनही प्रश्नांसह लिहावेत, आणि लिहिण्याआधी दोन मिनिटे कच्चा आराखडा करावा. विचार करणे म्हणजे एका मुद्द्यावर अडून बसणे नव्हे, हेही आम्हीच शिकवायला हवे होते.

यासाठी शाळेने काही गोष्टी ठरवल्या आहेत. येत्या सत्रापासून नववी ते बारावीला इतिहासाच्या मोठ्या प्रश्नांची तयार उत्तरे वाटली जाणार नाहीत. माझे टिपण सर्वांत आधी बंद. त्याऐवजी नकाशे, मापे आणि उत्खननातल्या नोंदी दिल्या जातील आणि उत्तर मुलांनी रचायचे. घटक चाचणीत निष्कर्षाला आणि त्याच्या मर्यादेला वेगळे गुण असतील, म्हणजे वेगळे लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही. आणि थंडीत बारावीची सहल महेश्वरला जाईल. अहिल्यादेवींचा घाट पाहूच, पण समोरच्या काठावरचे नावडातोडीही पाहू. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी १९५० च्या दशकात तेथे ताम्रपाषाण काळातली गोल आणि चौकोनी घरे उजेडात आणली. ती घरे लाकडी खांब आणि मातीची होती. तिकडे विटांची नगरे, इकडे नर्मदेकाठी मातीची घरे. असे का, यावर प्रत्येकाने दोन पाने लिहून आणायची.

पालकांना एकच विनंती. मुलांना संध्याकाळी ‘पाठ झाले का?’ असे विचारू नका. ‘हे कशावरून?’ असे विचारा. आणि ते मराठीतच विचारा. आमच्या मुलांचा विचार घरच्या भाषेत होतो, कागदावर हिंदी किंवा इंग्रजी येते. मधला पूल पाठांतराने बांधायचा की समजून, हे घरातच ठरते. मी हिंदी माध्यमातून शिकले, पण आजही अडलेली गोष्ट मला आईच्या भाषेत सांगून पाहिल्यावरच सुटते. आजी-आजोबा असतील तर फारच छान. त्यांना मोहेंजोदडोचे गटार समजावून सांगता आले, की परीक्षकालाही सांगता येईल.

त्या मुलीच्या उत्तराचे काय झाले, हे बऱ्याच जणांनी विचारले. शिक्षिका आणि मी दोघींनी ते पुन्हा तपासले. राहिलेल्या दोन मुद्द्यांचे गुण देता येत नव्हते, म्हणून आठ मिळाले नाहीत. पाच मिळाले. तिला तसे बोलावून सांगितले आणि कारणही सांगितले. ती म्हणाली, ‘मॅडम, बाकी दोन मुद्दे पुढच्या वेळी आधी लिहीन.’ पुढच्या गठ्ठ्याची मी वाट पाहत आहे.

आपली,
प्राचार्या